विंडो फंक्शन मला डेअरीच्या पुस्तकाने शिकवली

बेळगावात कॉलेजला असताना विंडो फंक्शन मी पाठ केली होती. म्हणजे डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेतली अशी फंक्शन, जी ओळी एकत्र न करता प्रत्येक ओळीसमोर इतर ओळींचाही हिशोब मांडतात. समजली ती घरच्या डेअरीच्या पुस्तकावरून. आमचं गाव निपाणीजवळ. दोन म्हशी, दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीत घालायचं, बिल दहा दिवसांनी.

सुट्टीत त्या नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरल्या. चालती बेरीज हवी म्हणून बेरजेच्या 'सम'ला 'ओव्हर' जोडलं (त्यानेच ते विंडो फंक्शन होतं), आत तारखेचा क्रम लावायला 'ऑर्डर बाय'. 1 तारखेला सकाळी 6 लिटर, संध्याकाळी 5. पहिल्या ओळीत 6 यायला हवे होते, आले 11. दुसरीतही 11. आई पुस्तक हातात धरून म्हणाली, "सकाळीच अकरा कुठनं आलं गं?" तासभर मी नोंदीच तपासत बसले. चूक नोंदीत नव्हतीच. 'ऑर्डर बाय' लावून फ्रेम, म्हणजे कुठून कुठपर्यंतच्या ओळी मोजायच्या ते, सांगितली नाही, तर डेटाबेस 'रेंज' धरतो आणि एकाच तारखेच्या सगळ्या ओळी एकदम मोजतो. वेळेचा रकाना (सकाळ 1, संध्याकाळ 2) 'ऑर्डर बाय'मध्ये घातला, 'रेंज'ऐवजी 'रोज' म्हणजे ओळीगणिक फ्रेम लिहिली, तेव्हा 6 आणि 11 आले. 'लास्ट व्हॅल्यू' हे फंक्शन गटातली शेवटची किंमत देत नाही, तेही याच फ्रेमपायी.

मुलाखतीत मात्र दुसरंच विचारतात: प्रत्येक गटातली सर्वांत मोठी नोंद काढा. मी ओळींना क्रमांक देणारं 'रो नंबर' थेट 'व्हेअर'मध्ये, म्हणजे ओळी चाळायच्या अटीत, लिहिलं आणि अडकले. तिथे ते चालत नाही. आधी 'व्हेअर'ची चाळण, मग 'ग्रुप बाय'ने गट, 'हॅविंग'ने गटांची चाळण, त्यानंतर विंडो. जो क्रमांक अजून पडलेलाच नाही, त्यावर चाळण कशी लावणार? एका क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) आत दुसरी लिहायची: आतल्या क्वेरीत क्रमांक पाडायचा, बाहेर 'व्हेअर' लावायचं. स्नोफ्लेक, बिगक्वेरी या डेटाबेसांत विंडोच्या निकालावर थेट चाळण लावायला 'क्वालिफाय' आहे. पोस्टग्रेस, मायएसक्यूएलमध्ये नाही. विंडोच्या आत विंडोही बसत नाही, तिथेही आतली क्वेरीच लागते.

वेगवेगळ्या किमती किती ते मोजणाऱ्या 'काउंट डिस्टिंक्ट'ला 'ओव्हर' जोडणं पोस्टग्रेस, मायएसक्यूएलमध्ये चालत नाही, एसक्यूएल सर्व्हरमध्येही नाही. हे मला अजून खटकतं, कारण कामात ते सारखं लागतं.

नोकरीवर रुजू झालात की आधी व्हर्जन विचारा. मायएसक्यूएलमध्ये विंडो फंक्शन 8.0 पासून, म्हणजे 2018 पासून आहेत, 5.7 वर एकही चालणार नाही.

सरावाला वीस ओळींचं टेबल पुरे, पण एका तारखेच्या दोन-दोन नोंदी मुद्दाम घाला. बेरीज आधी वहीत हाताने करा, क्वेरी नंतर चालवा.