टेनेरिफला हिवाळ्यात सायकल चालवायला जाताय? या चुका टाळा

नोव्हेंबरनंतर लंडन-म्युनिककडे दुपारी चारला अंधारायला लागलं, की आपल्या सायकलवाल्या मंडळींना टेनेरिफ आठवतं. आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोरचं हे स्पॅनिश बेट. जानेवारीतही किनाऱ्यावर वीस-एकवीस अंश आणि मधोमध ३,७१५ मीटर उंच तेईदे ज्वालामुखी. घोळ इथेच होतो. लोक हवामान बघतात किनाऱ्याचं आणि सायकल चालवतात डोंगरावर.

पहिली चूक, जी बघून बघून मी वैतागलो आहे: विंडचीटर हॉटेलात ठेवणं. लॉस क्रिस्तियानोसहून निघालं की समुद्रसपाटीपासून थेट दोन हजार मीटरच्या वर चढायचं असतं. सिंहगडाचा माथा साधारण १,३०० मीटरवर. विलाफ्लोर गाव त्याहून उंच आहे आणि तिथून पुढे आणखी सातशे मीटर चढ बाकी असतो. दर हजार मीटरला पारा सहा-साडेसहा अंश उतरतो, म्हणजे खाली २१ असेल तर वर सात-आठ. वारा असला तर विचारूच नका.

पुण्याहून आलेला एक पोरगा आमच्याबरोबर होता, पाय एकदम दमदार. सकाळी म्हटलं, जॅकेट घे. तर म्हणे, "काका, चढावर घामच येणार ना?" चढावर येतोच रे बाबा! पण उतारावर पाय थांबतात, जर्सी घामानं ओली असते आणि ताशी पन्नासच्या वेगानं वारा अंगावर येतो. परतीच्या वाटेवर पाइनच्या जंगलात त्याचे दात वाजायला लागले. अंग इतकं थरथरत होतं की हँडल हलायला लागलं आणि बोटं ब्रेकवर वळेनात. खाली उतरवला आणि विलाफ्लोरपर्यंत चालत आणला. तिथल्या बारमधल्या बाईंनी न मागता जुनी वर्तमानपत्रं दिली, ती त्याच्या जर्सीत छातीवर कोंबली. दोन कॉफ्या पोटात गेल्यावर कुठे बोटं मोकळी झाली. जॅकेट दोनशे ग्रॅमचंही नसतं हो. मी ते आणि पूर्ण बोटांचे हातमोजे मागच्या खिशात ठेवतो. वर पोचलं की आधी अंगात चढवायचं, फोटो नंतर.

दुसरी चूक भाड्याच्या सायकलीची. भारतात आणि ब्रिटनमध्ये बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. स्पेनमध्ये साधारणपणे डाव्या हाताला. सवयीनं डावा कचकन दाबला की पुढचं चाक जागेवर थांबतं आणि माणूस पुढे जातो. दुकानातच पुढचं चाक उचलून फिरवा आणि कुठला ब्रेक लागतो ते बघा. पटत नसेल तर केबल बदलून मागा. आणि उतारभर ब्रेक घासत येऊ नका. वळणाआधी नीट दाबायचा, मग सोडायचा. गिअरचंही तसंच. मागच्या चाकावर ३२ किंवा ३४ दात असलेली कॅसेट (गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच), म्हणजे चढाला हलका गिअर, मागायला लाजणारे वीर मी तिसऱ्या तासाला सायकल ढकलताना पाहिलेत.

पहिल्याच दिवशी तेईदे नको. विमानातून उतरलात, पायांना जरा रस्ता कळू द्या. व्यावसायिक सायकलपटू वरच्या पारादोर हॉटेलात आठवडेच्या आठवडे राहून सराव करतात, तुम्हाला चार दिवसांत सगळं उरकायची घाई कशाला?

मास्का गावाकडचा उतार देखणा आहे, पण वळणं अरुंद आणि समोरून पर्यटकांच्या गाड्या. दरीकडे बघायचं असेल तर थांबून बघा. उजव्या बाजूनं चालवायचं, हे चौकात दोनदा मनात म्हणा.

पाणी विलाफ्लोरला भरून घ्या, पुढे पारादोर येईपर्यंत दुकान नाही. बर्फ पडला की तेईदेकडचे रस्ते बंद होतात, तेव्हा सकाळी काबिल्दोची, म्हणजे बेटाच्या प्रशासनाची, सूचना बघून निघा. सहारातून धूळ आली, तिला तिथे कालिमा म्हणतात, तर त्या दिवशी घाट सोडा आणि किनाऱ्यावर कॉफी प्या.

नकाशाचं ॲप मात्र गाडीच्या मोडवर ठेवू नका. ते तुम्हाला टीएफ-१ वर नेईल आणि त्या महामार्गावर सायकलींना बंदी आहे. समांतर जाणारा जुना टीएफ-२८ रस्ता घ्या. वळणं जास्त, पण ग्रानादियासारखी गावं वाटेत लागतात.