एक्झॉस्ट ब्रेक ‘लागत नाही’? मोटरहोम घाटात उतरवताना या चुका टाळा

२०२१ साली राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि त्यानंतर नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या गॅरेजवर मोटरहोम दिसायला लागल्या. कोणी मिनी बसच्या चॅसिसवर बांधून घेतं, कोणी जुन्या स्कूल बसचे बाक काढून आत बेड, ओटा, टॉयलेट बसवतं. वैतरणेच्या काठाला, भंडारदऱ्याला, दिवाळीत कोकणात. लोक कुटुंब घेऊन फिरतात याचा मला मनापासून आनंद आहे. पण पहिल्या घाटानंतर येणारी तक्रार ठरलेली असते: “भाऊ, एक्झॉस्ट ब्रेक लागतच नाही हो.”

गाडी रॅम्पवर घेतो. फ्लॅप बरोबर, हवेचा पाइप बरोबर, वायरिंग बरोबर. मग शेजारी बसून चालवायला सांगतो आणि दोन मिनिटांत कळतं की दोष गाडीत नाही, गिअरमध्ये आहे.

आधी हा ब्रेक करतो काय ते नीट समजून घ्या. एक्झॉस्टच्या पाइपात टर्बोच्या पुढे एक झडप (फ्लॅप) असते. बटण दाबून ॲक्सिलरेटर सोडला की ती मिटते, डिझेल बंद होतं, आणि सिलिंडरमधून बाहेर पडू पाहणारी हवा आतच अडते. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्यानं दाबून दांडा मारला की हात अडतो, तसं पिस्टनचं होतं. ही अडवणूक गिअरबॉक्समधून मागच्या चाकांपर्यंत पोचते. इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी हवा जास्त, तितकी पकड जास्त. इंजिन हळू फिरत असेल तर झडप मिटूनही हाती काही लागत नाही. या लेखातल्या निम्म्या चुका एवढं न कळल्यामुळे होतात.

बटण दाबलं, गिअर तोच ठेवला

या चुकीवर मी सविस्तर बोलणार आहे, कारण तिच्यापायी माणसं मरता मरता वाचलेली मी पाहिली आहेत.

गंगापूर रोडचं एक कुटुंब. नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. साडेसात टनांच्या बस चॅसिसवरची देखणी मोटरहोम, बांधून नुकतीच हातात आलेली. गृहस्थ वर्षानुवर्षं कार चालवणारे, हात चांगला. घाटनदेवी मागे टाकून कसारा घाटात शिरले ते पाचव्या गिअरमध्ये, पन्नासच्या वेगानं. एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबलं. इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा बाराशे-तेराशेवर. काहीच जाणवलं नाही, म्हणून त्यांनी ठरवलं की हा बिघडलाय, आणि पाय ब्रेकवर ठेवला तो उतार संपेपर्यंत काढला नाही.

निम्म्या घाटात आजींना जळका वास आला. “कुणाचा तरी ट्रक तापला असेल,” असं म्हणून गाडी पुढे गेली. खालच्या वळणांवर पेडल लांब जायला लागलं, गाडी थांबेना. शेवटी चढाची एक कड मिळाली, तिथं गाडी घातली आणि ती कशीबशी उभी राहिली. फोन आला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता.

मी पोचलो तेव्हा चाकांना दगड लावलेले होते. मागच्या ब्रेक ड्रमचा रंग जळून लोखंड निळं पडलेलं. हबच्या सीलमधून ग्रीस पातळ होऊन रिमवर ओघळलेलं. नंतर ड्रम उघडला तर लायनर (ड्रमला आतून घासून चाक धरणारे ब्रेकचे पट्टे) काचेसारखे चकचकीत झालेले, नखानं ओरखडा ओढावा तर उठेना. असा लायनर थंड झाल्यावरही धरत नाही, बदलावाच लागतो. एक्झॉस्ट ब्रेक? तो ठणठणीत होता. त्याच गाडीत मी तिसरा गिअर टाकून दाखवला तेव्हा त्यांचा विश्वास बसेना की हेच बटण आपण दाबलं होतं.

हिशेब करून पाहा. इगतपुरीहून कसाऱ्यापर्यंत गाडी जवळपास ३०० मीटर खाली येते. साडेसात टन वजन एवढं खाली आणायचं म्हणजे साधारण ६० लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता कुठंतरी जिरवावी लागते. थोडी वारा खातो, थोडी टायर. उरलेली इंजिनातून सायलेन्सरवाटे बाहेर काढायची की चार ड्रममध्ये कोंडायची, हे घाटाच्या तोंडाशी तुम्ही कोणता गिअर टाकता त्यावर ठरतं. शेजारून जाणारी रेल्वे १:३७ च्या उतारावरून उतरते, तेव्हा तिचं विजेचं इंजिनही मोटारींनीच गाडी धरून ठेवतं, सगळा भार चाकांच्या ब्रेकवर टाकत नाही.

मी करतो ते असं. घाट सुरू व्हायच्या आधी, सपाटीवरच वेग उतरवतो, गिअर खाली घेतो आणि मग बटण दाबतो. कसाऱ्याला तिसरा, गाडी फार जड असेल तर दुसरा. सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना बहुतेक दुसराच. काटा लाल पट्ट्याच्या खाली पण बराच वर राहू देतो. इंजिनाचा आवाज वाढतो, आणि तो वाढलाच पाहिजे. नवशिके त्या आवाजाला घाबरून वरचा गिअर टाकतात, तिथंच सगळं बिघडतं. मीटरवरचा हिरवा पट्टा ओढताना डिझेल वाचवण्यासाठी आहे, उतरताना तो बघायचा नाही. काही गाड्यांच्या मीटरवर इंजिन ब्रेकसाठी वेगळा निळा पट्टा असतो, असेल तर त्यावर चाला.

एवढं करूनही वेग हळूहळू वाढत असेल तर पायाचा ब्रेक एकदा घट्ट दाबायचा, वेग आठ-दहा किलोमीटरनं खाली आणायचा आणि पाय पूर्ण काढायचा. हलका हलका दाबून ठेवायचा नाही, आणि सारखा फटफट मारायचाही नाही. एअर ब्रेकच्या गाडीत सारखं मारलं की टाकीतली हवा उतरते.

आणि एक. “ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं” हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम त्यांच्या गाड्यांसाठी खरा होता. आजची टर्बो इंजिनं कसारा चौथ्यातही ओढतात, पण चौथ्यात उतरताना गाडी धरून ठेवतीलच असं नाही. चढलात त्यापेक्षा एक गिअर खाली धरा.

न्यूट्रल

उतारावर न्यूट्रल मारून डिझेल वाचवायची सवय मला अजिबात सहन होत नाही. ट्रकवाल्यांकडून ती आता मोटरहोमवाल्यांनीही उचलली आहे. गिअर नाही म्हणजे इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटला, म्हणजे एक्झॉस्ट ब्रेक असून नसल्यासारखा. वाचतंही काही नाही. इलेक्ट्रॉनिक इंजिनात गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल पूर्ण बंद होतं, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. जड गाडीनं उतारावर वेग घेतला की खालचा गिअर परत पडत नाही. चांदवडच्या राहुड घाटासारख्या सरळसोट दिसणाऱ्या उतारावर हा मोह जास्त होतो.

क्लच दाबून उतरणंही तेच.

झडपेचं भोक बुजवणं

ही चूक चालवणाऱ्यांची नाही, आमच्याच धंद्यातल्या घाईखोरांची आहे. तिचा मला जास्त राग येतो.

बऱ्याच एक्झॉस्ट ब्रेकच्या झडपेत एक लहानसं भोक असतं. अडकलेल्या हवेचा दाब इंजिनाला झेपेल तेवढाच राहावा म्हणून कंपनीनं ते मोजून ठेवलेलं असतं. दाब त्यापुढे गेला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला तो आवरत नाही, व्हॉल्व्ह नको तेव्हा उचलले जातात, आणि मामला पिस्टनपर्यंतही जाऊ शकतो.

एक गाडी आली होती, पुण्याकडून बांधून आणलेली. मालकाची तक्रार होती की चंदनापुरी घाट उतरल्यापासून इंजिन टकटक करतंय. मी पाइप सोडवला, झडपेवर बोट फिरवलं तर भोकाच्या जागी वेल्डिंगचा गुळगुळीत उंचवटा. कुणीतरी “ब्रेक कमी वाटतो” म्हटल्यावर त्याला “कडक करून” दिलं होतं. मालकाला कल्पनाही नव्हती. इंजिनाचं हेड उतरवावं लागलं. ब्रेक कडक करायचं काम दहा मिनिटांचं, हेडचं काम आठवड्याचं, आणि खर्च मालकाच्या खिशातून.

ब्रेक कमी वाटतोय तर आधी गिअर बघा, मग हवेची गळती, मग झडप पूर्ण मिटते की नाही ते. एवढ्यात कारण सापडतंच. मूळ गाडीला एक्झॉस्ट ब्रेक नसेल आणि बाजारातून आणून बसवायचा असेल, तर तुमच्या इंजिनाला किती दाब चालतो ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय कोणाला पाइप कापू देऊ नका. आणि बीएस ६ गाडीच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ (काजळी अडवणारी गाळणी), सेन्सर, धूर स्वच्छ करणारी अ‍ॅडब्लूची यंत्रणा असते. तिथं हात घालणारा मिस्त्री “काही होत नाही” म्हणाला, तर चावी परत घ्या.

स्विचची जुळणी

सेटिंग सेटिंग म्हणून लोक जे विचारतात ते खरं इथं असतं. जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटरवर एक आणि क्लचवर एक असे स्विच असतात. ॲक्सिलरेटर पूर्ण सुटला की झडप मिटली पाहिजे, आणि पाय टेकताक्षणी उघडली पाहिजे. स्विच सरकलेला असेल तर डिझेल जातंय आणि झडप मिटलेली, असं होतं: काळा धूर, गाडी दबलेली, टर्बो तापलेला. क्लचचा स्विच चुकला तर गिअर बदलताना आरपीएम धाडकन पडतो आणि गिअर ओरडतो. मोटरहोम बांधताना डॅशबोर्ड, पेडलखालचं कार्पेट, फ्लोअरचं प्लायवूड सगळं हलवलं जातं, म्हणून नव्या बांधलेल्या गाडीत मी पहिल्यांदा हेच तपासतो. जाड कार्पेटमुळे पेडल पूर्ण वर येत नाही, एवढ्या कारणानं बंद पडलेले एक्झॉस्ट ब्रेक मी पाहिलेत.

तपासायची माझी पद्धत साधी. एकाला गाडीखाली बघायला बसवतो (हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून), इंजिन चालू ठेवून दुसऱ्याला पेडल दाबायला-सोडायला लावतो, आणि झडपेचा लिव्हर एका झटक्यात पूर्ण फिरतो का ते पाहतो. काही गाड्यांत उभ्या गाडीला झडप हलतच नाही. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरात चाळीसला नेऊन पाय सोडायचा. ओढ जाणवलीच पाहिजे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीत, विशेषतः परदेशी मोटरहोममध्ये ॲलिसन कंपनीचा गिअरबॉक्स असतो तिथं, ब्रेक चालू केला की बॉक्स स्वतः ठरलेल्या खालच्या गिअरकडे जातो. तो गिअर कोणता हे संगणकात भरलेलं असतं आणि बदलता येतं. ब्रेकच्या जोराचे लो-हाय असे दोन टप्पे असतील तर घाटात हाय. हिंदकळेल म्हणून लो ठेवणारे शेवटी पायाच्या ब्रेकवरच येतात.

पावसात

हा ब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. इगतपुरीच्या पावसात, डांबरावर तेल-चिखलाचा थर असताना, तीव्र वळणात तो एकदम लागला तर मागचा भाग बाजूला सरकू शकतो. मी ओल्या घाटात वेग आधीच आणखी उतरवतो, खालच्या गिअरवर गाडी सोडतो आणि वळणाच्या ऐन मध्यात बटणाला हात लावत नाही. सुक्या रस्त्यावर मात्र बटण चालू ठेवायला कचरू नका.

बाकीच्या

महिनोन्‌महिने न वापरणं. काजळीनं झडपेचा दांडा जाम होतो, आणि अर्धवट मिटलेला जाम झाला तर गाडी चढावर दम टाकते. शहरातही रोज चार-दोनदा लावा.

जाम झालेल्या दांड्यावर इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस मारणं. ते जळून आणखी काजळी होते. उष्णता सहन करणारं ग्रॅफाइटचं वंगणच वापरा.

घरूनच पाण्याच्या टाक्या काठोकाठ भरून निघणं. ३०० लिटर म्हणजे ३०० किलो. बस कधीतरी रिकामी धावते, मोटरहोम कायम भरलेलीच असते. बॅटऱ्या, जनरेटर, प्लायवूड सगळं प्रत्येक उतारावर सोबत येतं. पाणी घाट उतरल्यावर भरा.

मागचा लाल दिवा गृहीत धरणं. बऱ्याच गाड्यांत नुसत्या एक्झॉस्ट ब्रेकनं तो लागत नाही. मागे कोणी चिकटून असेल तर पेडलला हलका स्पर्श करून त्याला कळू द्या.

एक्झॉस्ट ब्रेकनं गाडी उभी करायला बघणं. तो वेग धरून ठेवण्यासाठी आहे. आरपीएम खाली आला की तो सुटतो, उभी करायला पायाचाच ब्रेक लागतो. त्याच्या भरवशावर लायनर बदलायचे पुढे ढकलू नका.

तापलेल्या ड्रमवर पाणी ओतणं. ड्रमला तडा जातो. चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढू नका, कारण मागच्या चाकांतले तेच तापलेले लायनर तेव्हा ड्रमला दाबले जातात. हाताला झळ लागेनाशी होईपर्यंत थांबा, मग खालच्या गिअरमध्ये हळू सरकवत गाडी पहिल्या गॅरेजपर्यंत आणा, आणि ड्रम उघडून बघितल्याशिवाय पुढचा घाट धरू नका.