तेल सांडण्याआधीचं काम

7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. मी तेव्हा उरणला बारावीत होते. चित्रा कलंडली, तिच्यावरचे कंटेनर पाण्यात पडले आणि सुमारे 800 टन तेल समुद्रात गेलं. नारळी पौर्णिमा दोन-अडीच आठवड्यांवर आली होती. बाबांनी खाडीतलं जाळं ओढून आणलं, तर त्याच्या धाग्याधाग्याला काळा चिकटा बसलेला. रॉकेलने घासघासून त्यांच्या हाताची सालं निघाली, तरी वास जाईना. बाजारात मासळीला गिऱ्हाईक नव्हतं, लोक भीतीने मासेच घेत नव्हते. पुढे रसायनशास्त्रात बीएस्सी करून मी समुद्रातली तेलगळती आवरण्याच्या या कामात आले, ती त्या जाळ्यामुळे.

आता नव्या मुलामुलींना शिकवताना पहिला प्रश्न हमखास येतो, 'तेल काढायचं कसं?' मी म्हणते, आधी ते कुठे जाणार ते सांगा. हिशोब सोपा आहे. तवंग वाऱ्याच्या वेगाच्या साधारण 3 टक्के वेगाने वाऱ्याबरोबर सरकतो, आणि पाण्याचा प्रवाह त्याला स्वतःच्या पूर्ण वेगाने वाहून नेतो. वारा 20 नॉटचा, म्हणजे तासाला 20 सागरी मैलांचा असेल, तर नुसत्या वाऱ्याने सहा तासांत तेल साडेतीन सागरी मैलांच्या पुढे जातं. त्यात भरती-ओहोटी मिळवायची. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत आमच्या खाड्यांतला प्रवाह भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांपेक्षा किती वेगळा असतो, हे कोळीवाड्यातल्या कुठल्याही नाखव्याला, होडी चालवणाऱ्याला तोंडपाठ असतं. म्हणून नवीन जागी गेलात की आधी तिथल्या नाखव्याशी बोलून घ्या. नकाशात न दिसणारी वाळूची दांडी त्याला माहीत असते.

माझा पहिला सराव मी विसरलेले नाही. खऱ्या तेलाऐवजी आम्ही पाण्यात भाताचं तूस सोडतो. ते तरंगतं, डोळ्यांना दिसतं आणि कुणाचं नुकसान करत नाही. आमच्या तुकडीने खाडीच्या या काठापासून त्या काठापर्यंत बूम, म्हणजे खाली झालर लोंबणारा तरंगता अडसर, सरळ आडवा ताणला. चित्र छान दिसत होतं. ओहोटी लागली, पाण्याने वेग घेतला आणि दहा मिनिटांत तूस बूमच्या झालरीखालून पलीकडे गेलं. आमच्या सरांनी शांतपणे मागे उभं राहून सगळं पाहिलं आणि मग समजावलं. प्रवाहाला काटकोनात लावलेला बूम साधारण 0.7 नॉटपर्यंतच तेल अडवतो. त्यापुढे तेल खालून निसटतं, मग बूम कितीही महागाचा असो. प्रवाह 1.4 नॉट असेल तर बूम प्रवाहाशी 30 अंशांच्या आसपास तिरका लावायचा. मग तेल अडत नाही, वळतं. ते काठाजवळच्या संथ पाण्यात आणायचं आणि तिथे स्किमरने, म्हणजे पाण्यावरचं तेल ओढून घेणाऱ्या यंत्राने उचलायचं. आणखी एक अडचण ओहोटीला कळते. पाणी उतरलं की काठाकडचा बूम चिखलात वाकडातिकडा पडतो आणि खाली फटी राहतात. त्या टोकाला खालच्या नळ्यांत पाणी भरलेला बूम लागतो, तो चिखलाला चिकटून बसतो.

तवंगाचे रंग वाचायला लवकर शिका. चंदेरी झिलई चौरस किलोमीटरभर पसरलेली दिसली की नवखा माणूस घाबरतो, पण त्यात 40 ते 300 लिटरच तेल असतं. तिच्या मागे बोट धाडून वेळ घालवू नये. काळे-तपकिरी जाड पट्टे शोधायचे, तेल तिथे असतं. पण हे पट्टे बोटीतून नीट दिसत नाहीत, म्हणून वरून विमानातून पाहणी लागते. दोन-तीन दिवस लाटांनी घुसळलं की काही तेलं पाणी शोषून दाट तपकिरी लगदा होतात. आकारमान तिप्पट-चौपट होतं आणि पंप अडकतात. म्हणूनच पहिल्या चोवीस तासांना एवढं महत्त्व आहे. पण तिथेही घाई नको. ताज्या कच्च्या तेलातून बेंझीन आणि हायड्रोजन सल्फाइड निघू शकतं. आधी वायूमापक, मग माणूस, तोही वाऱ्याकडे पाठ करून.

आपल्याकडे कुणी काय करायचं ते राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आराखड्यात ठरलेलं आहे. तो 1996 पासून लागू आहे. समुद्रावर समन्वय तटरक्षक दलाचा, बंदराच्या हद्दीत बंदराचा, तेल किनाऱ्याला लागलं की सफाई राज्य सरकारची. 700 टनांपर्यंतची गळती पहिल्या पातळीची. ती बंदर किंवा तेलाचं टर्मिनल चालवणाऱ्यानेच निपटायची असते. बहुतेक नव्यांची नोकरी इथेच लागते, टर्मिनलवर किंवा बंदराने नेमलेल्या कंत्राटदाराकडे. प्रशिक्षणाच्या पातळ्या वेगळ्या. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या आदर्श अभ्यासक्रमांत पहिली पातळी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी, दुसरी पर्यवेक्षकांसाठी, तिसरी वरिष्ठ व्यवस्थापकांसाठी आहे. पहिली करा आणि दोन पावसाळे काम करा. मग दुसरी. थेट दुसरीचं प्रमाणपत्र घेऊन आलेल्यांना मी बूमची शॅकल, म्हणजे पिनेची जोडकडी लावताना अडखळताना पाहिलंय.

शॅकलवरून आठवलं. एका ठिकाणी गोदामातल्या यादीत सगळं सामान 'उपलब्ध' होतं, तपासणीच्या सह्याही होत्या. प्रत्यक्षात बूमच्या जोडांचे पिन गंजून घट्ट बसलेले. ते आम्हाला सरावात कळलं, हे नशीब. तेव्हापासून मी कागद वाचत नाही, पिन हाताने फिरवून बघते. तुम्हीही बघा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते कचऱ्याकडे. किनाऱ्यावर शंभर उत्साही माणसं फावडी घेऊन उतरली की संध्याकाळपर्यंत तेलापेक्षा कितीतरी जास्त वाळू पिशव्यांत भरली जाते. ती ठेवायची कुठे? खाली प्लास्टिक अंथरलेली, भरतीरेषेच्या वरची जागा आधी ठरवलेली हवी. तेलकट वाळू, शेवाळ, शोषक पॅड, हातमोजे यांचे ढीग वेगळे हवेत. आणि कांदळवनात तर कुणालाच उतरू देऊ नका. 2010 च्या तेलाने आमच्याकडच्या कांदळवनांनाही झळ पोहोचली होती. तिवरांची श्वसनमुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात. त्यांवर तेल बसलं तर झाड गुदमरतं, पण माणसांनी तुडवून तेल चिखलात खोल घातलं तर ते वर्षानुवर्षं तिथेच राहतं. अशा ठिकाणी बोटीतून कमी दाबाच्या पाण्याने धुऊन तेल बाहेर वळवतात, बाकीचं भरती-ओहोटीवर सोडतात. गावकऱ्यांना हे पटवणं अवघड जातं. त्यांना वाटतं, आपण हात बांधून उभे आहोत. त्यांचं ऐकून घ्या, तो राग खरा असतो.

भरती-ओहोटीचं या वर्षीचं कोष्टक आजच घ्या. उधाणाच्या एका दिवशी जवळच्या खाडीवर जा, 50 मीटर अंतर मोजून दोन काठ्या रोवा आणि पाण्यात मूठभर तूस टाका. ते एका काठीपासून दुसरीपर्यंत किती सेकंदांत जातं ते वहीत लिहा. मग भांगाच्या दिवशी त्याच जागी परत या.