दोन-तीन टेप डेक एकाच जुन्या स्टिरिओला जोडताय? या चुका टाळा

सध्या बऱ्याच घरांत हे चाललंय. सत्तर-ऐंशीच्या दशकातला रिसीव्हर (म्हणजे रेडिओसकट अँप्लिफायर) किंवा नुसता अँप्लिफायर, त्याला आखातातून कुणीतरी आणलेला एक कॅसेट डेक, मग चोर बाजारातून नाहीतर ओळखीतल्या कुणाच्या माळ्यावरून आलेला दुसरा, आणि हौस वाढली की एखादा स्पूल डेकसुद्धा, म्हणजे मोठ्या उघड्या चाकांवरच्या टेपचा. काम खूप मोलाचं आहे, कारण आजीच्या ओव्या, गावातल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग, घरगुती मैफली असलं सगळं त्या कॅसेटवरच आहे आणि दुसरीकडे कुठेच नाही. पण डेक जोडताना नेमक्या त्याच त्याच चुका होतात आणि मग चांगला चालणारा डेक "खराब आहे" म्हणून भंगारात जातो, याचं फार वाईट वाटतं.

आधी एक गोष्ट पक्की करा. प्रत्येक डेकला केबलच्या दोन जोड्या लागतात, एक डेककडे जाणारी आणि एक डेककडून येणारी. रिसीव्हरच्या मागे ज्यावर रेक किंवा टेप आऊट लिहिलंय ती डेकच्या लाइन इनला जाते, आणि डेकचं लाइन आऊट रिसीव्हरच्या टेप प्ले किंवा टेप इनला येतं. गोंधळ इथेच होतो, कारण लोक आऊटला आऊट आणि इनला इन जोडतात, नाव जुळतंय ना म्हणून. तसं जोडलं की काही जळत नाही बहुतेक, पण आवाजही येत नाही आणि रेकॉर्डही होत नाही. लाल म्हणजे उजवा, पांढरा किंवा काळा म्हणजे डावा, हे लक्षात ठेवा आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना कागदी पट्टी चिकटवून "डेक १ कडे", "डेक १ कडून" असं लिहून टाका, तीन डेक झाल्यावर मागे हात घालून अंदाजाने केबल ओढायची वेळ येऊ देऊ नका.

दुसरं म्हणजे फोनो इनपुट. जागा रिकामी दिसली म्हणून तिसरा डेक फोनोमध्ये खुपसू नका. ते सॉकेट टर्नटेबलच्या कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या भागाच्या, दोन-पाच मिलिव्होल्टसाठी असतं, डेक देतो त्याच्या शंभरपट, वर आतमध्ये रेकॉर्डसाठीचं इक्वलायझेशन, त्यामुळे फाटका आणि नुसता बास असलेला आवाज येतो. फक्त ऐकायचं असेल तर डेकचं आऊट ऑक्समध्ये, म्हणजे रिसीव्हरच्या जादा साध्या इनपुटमध्ये द्या, अजिबात फरक पडत नाही. आणि प्री आऊटवरून रेकॉर्डिंग घेऊ नका, ते व्हॉल्यूमच्या नंतरचं असतं, तुम्ही आवाज कमी केला की रेकॉर्डिंगही बारीक. टेप आऊट मात्र व्हॉल्यूम, बास, ट्रेबल या सगळ्यांच्या आधीच निघतं, म्हणून "मी ट्रेबल वाढवलं तरी कॉपीत आलं नाही" ही तक्रार करण्यात अर्थ नाही, ते येणारच नाही.

टेप मॉनिटरचं बटण

रिसीव्हर अचानक मुका झाला, ट्यूनर नाही, टर्नटेबल नाही, ऑक्स नाही, तर दुरुस्तीला नेण्याआधी टेप मॉनिटरचं बटण बघा. ते दाबलेलं असेल तर रिसीव्हर स्वतःचा सोर्स सोडून फक्त डेककडून येणारा आवाज ऐकवतो, आणि डेक बंद असेल तर अर्थातच शांतता. दोन टेप लूप, म्हणजे टेप आऊट-टेप इनच्या दोन जोड्या, असतील तर बटणंही दोन असतात, दोन्ही दाबली गेली तर कोण कोणाच्या वर हे मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून दोन्ही मोकळी करून मग एकेक तपासा. तीन हेडचा, म्हणजे रेकॉर्डिंगचं आणि वाजवण्याचं हेड वेगळं असलेला डेक असेल तर त्यावर आणखी एक सोर्स-टेप असा स्विच असतो, तो सोर्सवर ठेवून लोक रेकॉर्डिंग "तपासतात" आणि खूश होतात, प्रत्यक्षात टेपवर काय गेलंय ते त्यांनी ऐकलेलंच नसतं.

बंद ठेवलेला डेक म्हणजे काढून ठेवलेला डेक नव्हे

ही चूक सगळ्यात जास्त छळते, कारण ती डेकची वाटतच नाही. लक्षण असं, की टर्नटेबल किंवा एफएम ऐकताना आवाज किंचित चिरका येतो, तबल्याच्या जोरदार थापेला किंवा चढ्या तानेला फाटतो, आणि व्हॉल्यूम कमी केला तरी फाटणं तसंच राहतं. माणूस आधी सुई बदलतो, मग स्पीकर बदलतो, मग अँप्लिफायर उघडायला देतो. आणि दोषी असतो तो कोपऱ्यात बंद पडून असलेला, पण केबल तशीच लावलेला टेप डेक.

होतं काय, तर जुन्या बऱ्याच रिसीव्हरमध्ये टेप आऊट हे वेगळं बफर केलेलं, म्हणजे मध्ये सर्किट घालून सोर्सपासून अलग केलेलं नसतं, सोर्स सिलेक्टरवरूनच एखादा रेझिस्टर लावून किंवा थेट तार काढून दिलेलं असतं, नळाच्या मुख्य पाइपलाच टी मारावी तसं. डेक चालू असताना त्याचा इनपुट साधारण पन्नास किलोओहमचा, म्हणजे सोर्सवर फारसा भार नाही. पण डेकची वीज गेली की आतल्या ट्रान्झिस्टरना किंवा आयसीला सप्लाय नसतो, मग सिग्नल थोडा मोठा झाला की ती जंक्शन्स स्वतःच वाहायला लागतात आणि लाटेचा शेंडा कापला जातो. हा कापलेला सिग्नलच पुढे व्हॉल्यूमकडे जातो, म्हणून आवाज कमी केला तरी फाटणं जात नाही. सगळेच डेक असं करतात असं नाही, काहींचा इनपुट असा असतो की बंद असतानाही काही होत नाही, पण डेक दोन-तीन झाले की एखादा तरी असा निघण्याची शक्यता वाढते.

तपासायला एक मिनिट लागतं. रिसीव्हरच्या मागची फक्त टेप आऊटची केबल उपटा, टेप इनची राहू द्या, आणि तीच रेकॉर्ड परत लावा. आवाज स्वच्छ झाला तर गुन्हेगार सापडला. मग उपाय तीन. ऐकताना डेक चालू ठेवा, किंवा रेकॉर्डिंग नसताना ती केबल काढून ठेवा, किंवा तुमच्या अँप्लिफायरवर रेकॉर्डिंगसाठी वेगळा सिलेक्टर असेल, ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच मॉडेलवर असतो, तर तो ऑफवर ठेवा. मला तिसरा उपाय सगळ्यात आवडतो, पण सोय नसेल तर केबल काढणं हेच खरं.

तिसरा डेक कुठे लावायचा

बहुतेक रिसीव्हरना एक किंवा दोनच टेप लूप असतात. तिसऱ्यासाठी लोक वाय केबल आणतात, आणि इथे नियम एकदम सोपा आहे, एका आऊटवरून दोन इनला सिग्नल वाटून दिला तर चालतं, पण दोन डेकची आऊट एकत्र करून एका इनला दिली तर चालत नाही. तसं केलं की एका डेकला दुसऱ्याच्या आऊटपुटचा भार ओढावा लागतो, आवाज पडतो, फाटतो, आणि एक डेक बंद असेल तर तो दुसऱ्याचा आवाज गिळून टाकतो. त्यापेक्षा टेप सिलेक्टर बॉक्स घ्या, साध्या स्विचचाच असतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत आरसीए सॉकेट (याच लाल-पांढऱ्या केबलची) आणि चांगला रोटरी स्विच घेऊन कुणाकडूनही बनवून घेता येईल. ग्राफिक इक्वलायझर असेल तर त्याच्या मागे बघा, त्याला बहुतेकदा स्वतःचा टेप लूप असतो, म्हणजे रिसीव्हरचा एक लूप इक्वलायझरने खाल्ला तरी बदल्यात एक परत मिळतो.

एका डेकवरून दुसऱ्यावर कॉपी करायची तर रिसीव्हरवरचा डबिंगचा स्विच वापरा, एकवरून दोनवर किंवा उलट, जे असेल ते. पण ज्या डेकवर रेकॉर्ड करताय त्याचंच आऊट फिरून त्याच्याच इनला जाणार नाही हे बघा. डेक ऑक्समध्ये लावलाय, त्यालाच टेप आऊटची केबल दिलीय, आणि ऑक्स निवडून रेकॉर्ड दाबलं, की भोंगा सुरू होतो आणि स्पीकरमधला ट्विटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा भाग, जाऊ शकतो. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून रेकॉर्ड दाबायची सवय लावा. आणि जपून ठेवायची टेप असेल तर रिसीव्हरला वाटेतून काढूनच टाका, पहिल्या डेकचं आऊट थेट दुसऱ्याच्या इनला, दुसऱ्याचं आऊट रिसीव्हरला ऐकण्यापुरतं, वाटेतले सगळे जुने स्विच टळतात.

कॉपी दबकी येते, यात केबलचा दोष क्वचित असतो. डॉल्बी बघा, म्हणजे टेपची खरखर कमी करणारी डेकवरची सोय. मूळ टेप डॉल्बी बीची असेल तर वाजवणाऱ्या डेकवर बी लावा आणि रेकॉर्ड करणाऱ्यावर हवं ते नव्याने लावा. डॉल्बी नसलेल्या टेपवर बी लावलं की वरचे सूर मेले. तेही बरोबर असेल तर हेडचा अझिमथ, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन. रिसीव्हर मोनोवर टाका आणि हेडशेजारचा स्क्रू अगदी किंचित फिरवत ट्रेबल जास्तीत जास्त खुलेल तिथे थांबा, पण आधी स्क्रूची मूळ जागा खूण करून ठेवा आणि हे फक्त वाजवणाऱ्या डेकवर करा.

युरोपियन सेट असेल तर पाच पिनांचं डिन सॉकेट येतं. एकाच केबलमधून जाणं-येणं दोन्ही, रेकॉर्डिंगच्या पिना १ आणि ४, प्लेबॅकच्या ३ आणि ५, मधली २ म्हणजे अर्थिंग. प्लेबॅक सहसा अडचण देत नाही. पण डिनचा रेकॉर्डिंग सिग्नल खूप अशक्त असतो, तो आरसीएवाल्या जपानी डेकला दिला की लेव्हल पूर्ण वर नेऊनही मीटर जेमतेम हलतो आणि नुसती खरखर वाढते. अशा वेळी नुसतं पिना जुळवणारं अँडॅप्टर पुरत नाही, दुसऱ्या डेकच्या लाइन आऊटपासून थेट मार्ग शोधा.

आता वीज, कारण इथे चूक झाली तर परत संधी नाही. जपानमधला डेक १०० व्होल्टचा, अमेरिकेतला १२० चा, आपल्याकडे २३०. आखातातून आलेल्यांना बरेचदा मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो, प्लग लावण्याआधी तो बघाच. रिसीव्हरच्या मागच्या वीज सॉकेटमधून साधारणपणे भिंतीचंच व्होल्टेज बाहेर येतं, तिथे १२० चा डेक लावला तर तो गेला. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जमवलं तरी फ्रिक्वेन्सी बदलत नाही. कॅसेट डेकमध्ये बहुतेक डीसी मोटर असते, त्यांना फरक नाही, पण एसी सिंक्रोनस मोटरचा ६० हर्ट्झचा स्पूल डेक आपल्या ५० हर्ट्झवर सुमारे १७ टक्के हळू चालतो, म्हणजे पांढरी पाचमध्ये गाणारा माणूस पांढरी तीनच्याही खाली ऐकू येतो. अशा डेकला ५० हर्ट्झची पुली किंवा आतली जोडणी बदलण्याची सोय आहे का ते विकत घेण्याआधी विचारा.

गुणगुण येत असेल तर अर्थची पिन कापू नका, कृपा करून. सगळे डेक आणि रिसीव्हर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, मग एकेक डेकच्या सिग्नल केबल काढत जा, कोणत्या डेकने गुणगुण थांबते ते कळेल. कधीकधी कारण केबल नसतेच, डेक अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरला चिकटून ठेवलेला असतो आणि हेड त्याचं चुंबकीय क्षेत्र ओढून घेतं, डेक फूटभर बाजूला सरकवला की जातं.

एकच चॅनल येत असेल तर डेकच्या मागे डावी-उजवी केबल अदलाबदल करा. गप्प बाजू बदलली तर दोष डेकमध्ये, तीच बाजू गप्प राहिली तर दोष केबल किंवा रिसीव्हरकडे. रिसीव्हरकडे असेल तर टेप मॉनिटरचं बटण वीस-तीस वेळा आतबाहेर करा, वर्षानुवर्षं न वापरल्याने त्याच्या आतले काँटॅक्ट काळे पडलेले असतात, आणि तेवढ्याने नाही जमलं तर इलेक्ट्रॉनिक काँटॅक्ट क्लीनरचा हलका फवारा मारा, घरातलं गंज काढायचं तेल नको. डेकमध्ये असेल आणि वाजवताना ठीक, फक्त रेकॉर्डिंगलाच एक बाजू जात असेल, तर आतला लांबट रेकॉर्ड-प्ले स्विच आधी साफ करून घ्या, जुन्या डेकमध्ये हेडआधी तोच दगा देतो.