ट्री स्टँड आणि क्लाइंबिंग स्टिक: झाडावर चढण्याआधी या चुका टाळा

मेव्हणा मिशिगनहून आला की बॅगेतून चॉकलेटं आणि बदाम निघतात. एका दिवाळीला मात्र ॲल्युमिनियमची एक जाळी, घडीची सीट, चार बुटक्या शिड्या (याच क्लाइंबिंग स्टिक) आणि पट्ट्यांचं भेंडोळं निघालं. "जिजाजी, हा ट्री स्टँड. आमच्याकडं हरणांच्या शिकारीला असाच झाडावर टांगतात." बायकोनं विचारलं, इंदूरच्या रामबागेत हरणं कुठून आणणार? पण त्याला आमच्या सिमरोलकडच्या शेताची आणि तिथल्या रोजड्यांची, म्हणजे नीलगायींची, गोष्ट ठाऊक होती. हरभऱ्याला घाटे धरले की रात्रीतून कोपराच्या कोपरा साफ.

शिकारीचा विषय आधीच मिटवतो. त्यांच्याकडं परवाना आणि हंगाम असतो. आपल्याकडं 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि त्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणंही त्यातच येतं. म्हणून माझ्या स्टँडवर कॅमेरा, दुर्बीण आणि वही असते. किती रोजडे आले, कुठल्या बांधावरून आले, एवढंच लिहितो. फोटोसाठी मीठ-गूळ टाकण्याच्या फंदात पडू नका. स्टँड लावायचा तो स्वतःच्या शेतात. वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय सुतळीही बांधू नका. इंदूरजवळच्या रालामंडलला होळकरांची शिकारगाह होती, तिथं 1989 पासून अभयारण्य आहे. महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून प्राणी मोजतात, तेही वनखात्याच्याच मचाणावर.

आमच्या आजोबांच्या वेळी जागलीसाठी माळा असायचा, चार बल्ल्यांवर. तो जमिनीत रोवलेला असे. हा नवा प्रकार झाडाच्या भरवशावर असतो आणि चुका तिथूनच सुरू होतात.

माझी स्वतःची चूक, जी सगळेच करतात

पहिल्या हिवाळ्यात स्टँड बारा फुटांवर बांधला. चारही स्टिक खालपासून वर लावल्या, पण शेवटची स्टिक जाळीच्या खालीच संपली. म्हणजे शेवटच्या पायरीवर उभा राहिलो की जाळी माझ्या छातीशी. मी काय केलं? जाळीची कड धरून अंग वर खेचलं. वजन एका बाजूला गेलं, पायाखालची स्टिक बुंध्याभोवती फिरली आणि मी खरचटत खाली आलो. नांगरलेली माती होती आणि मधल्या स्टिकमध्ये बूट क्षणभर अडकला, म्हणून घोट्यावर भागलं. अंगाला बांधायचा पट्ट्यांचा हार्नेस? तो पिशवीत होता. "वर पोचलो की घालू" असं ठरवलं होतं.

स्टँडवर बसलेला माणूस सहसा पडत नाही. पडतो तो चढता-उतरताना, आणि विशेषतः स्टिकवरून जाळीवर जाण्याच्या त्या अर्ध्या पावलात. म्हणून दोन गोष्टी. शेवटची स्टिक जाळीच्या बाजूला आणि जाळीपेक्षा उंच हवी, म्हणजे जाळीवर *उतरावं* लागेल, चढावं लागणार नाही. पाय खाली टाकताना हातात बुंधा किंवा स्टिकचं वरचं टोक असतं. स्टिक कमी पडत असेल तर स्टँड दोन फूट खाली घ्या. दोन पायऱ्यांमधलं अंतर ताणू नका. दिवसा, कोरड्या बुटांनी जमलेली ढांग पहाटे दवात जमत नाही.

दुसरी गोष्ट, दोरीला जोडलेलं असणं जमिनीपासून सुरू व्हायला हवं आणि जमिनीवरच संपायला हवं. यासाठी लाइफलाइन वापरतात. स्टँडच्या वर, बसल्यावर डोक्याच्याही वर एक मजबूत दोर झाडाला बांधायचा आणि तो खालपर्यंत सोडायचा. त्या दोरावर प्रुसिक गाठ. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी 1931 मध्ये ती लोकांपुढं आणली. हातानं सरकवली तर सरकते, झटका बसला की आवळते. गाठीला कॅराबिनर (उघडमीट होणारी धातूची कडी), कॅराबिनरला हार्नेस. चढताना गाठ सतत डोक्याच्या वर सरकवत राहायची. छातीच्या खाली राहिली तर तिचा उपयोग निम्मा.

दोर आणि हार्नेसमधल्या चुका

प्रुसिकची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक हवी. मुख्य दोर 11 मिमीचा असेल तर गाठीला 7-8 मिमीची दोरी, तीन वेढे, एकावर एक न चढलेले. दोन्ही सारख्याच जाडीच्या घेतल्या तर गाठ नीट आवळत नाही. आणि शेतात गुरं बांधायला असते ती पिवळी-निळी प्लास्टिकची दोरी इथं चालत नाही. ती गुळगुळीत असते, घासली की वितळते आणि मालव्याच्या उन्हात वर्षभरात तिचा भुसा होतो. गिर्यारोहणाचा विणलेला दोरच घ्या, महाग वाटला तरी.

कमरेचा एकच पट्टा किंवा नुसता छातीचा पट्टा वापरू नका. पडल्यावर माणूस त्यात दुमडतो, श्वास कोंडतो किंवा सरळ निसटतो. खांदे, छाती आणि दोन्ही मांड्या धरणारा पूर्ण हार्नेस हवा. इंदूरमध्ये बांधकामाच्या सामानाच्या दुकानात तो मिळतो. त्यावर आयएस 3521 या भारतीय मानकाचा उल्लेख आहे का बघा.

पण एक मेख आहे. बांधकामाच्या हार्नेसबरोबर येणारी दोरी साधारण 1.8 मीटर लांब असते आणि तिला झटका शोषणारी एक घडी शिवलेली असते. पडल्यावर ती घडी उसवत जाते आणि दोरी आणखी एक मीटरहून जास्त वाढू शकते. त्यात पाठीच्या कडीपासून पायापर्यंतची तुमची उंची मिळवा. दहाव्या मजल्यावर हा हिशोब बसतो, बारा फुटांवरच्या स्टँडवर दोरी तुम्हाला पूर्ण थांबवण्याआधी तुम्ही जमिनीला भेटलेले असता. झाडावर दोरी आखूड हवी आणि अडकवायची ती वर. बसल्यावर तिच्यात झोल दिसताच कामा नये.

हार्नेसमध्ये लटकून राहणंही धोक्याचं असतं. मांडीचे पट्टे आवळतात, पायांत रक्त साचतं आणि काही मिनिटांतच माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून हार्नेसला पट्टीचा एक लूप अडकवून ठेवायचा. लटकलात तर त्यात पाय घालून उभं राहायचं आणि पाय हलवत राहायचं. हे सगळं पहिल्यांदा जमिनीपासून फूटभर उंचीवर, दिवसा, शेजारी कुणीतरी असताना करून बघा. मी पडवीच्या तुळईला लटकून बघितलं. मुलांची करमणूक झाली, पण उजव्या मांडीचा पट्टा मी उलटा ओवला होता हे त्या दिवशीच कळलं.

झाड निवडताना

आमच्या बांधावर नीलगिरी सरळसोट उभी आहे, म्हणून पहिला मोह तिचाच झाला. साल पापुद्र्यांनी सुटते, स्टँडचे दात त्या सुट्या सालीत रुततात आणि सालीसकट घसरतात. शेवगा आणि सुबाभूळ यांच्या वाटेलाच जाऊ नका, फार ठिसूळ. गुलमोहर वादळात कसा मोडतो ते शहरात दर मे-जूनला रस्त्यावर बघायला मिळतंच. जुनी चिंच आणि आंबा मजबूत खरे, पण त्यांच्या घेराला पट्टा पुरत नाही, आणि पुरवण्यासाठी दोन पट्टे गाठ मारून जोडणं हा तर गाढवपणा. बाभळीबद्दल बोलायला नकोच. माझं मत विचाराल तर कडुनिंब: खरबरीत साल, चिवट लाकूड, बेताचा घेर. मोहाचं झाडही चांगलं. मेव्हण्याचा हिशोब साधा आहे, बुंधा साधारण आठ ते वीस इंच जाड हवा, सरळ हवा आणि जिवंत हवा.

जिवंत दिसणारं झाडही आतून पोकळ असू शकतं. बुडाशी वाळवीची माती, कुत्र्याच्या छत्र्या, ढोली, वरच्या फांद्या वाळलेल्या, यांतलं काहीही दिसलं तर दुसरं झाड बघा. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं ठोकून आवाज ऐका. आणि मान वर करून आग्या मोहोळ शोधा, दुर्बिणीनं, दिवसा. हार्नेसमध्ये अडकलेल्या माणसाला माशांपासून पळता येत नाही.

खिळे किंवा लोखंडी खुंट्या ठोकून पायऱ्या करू नका. झाड सडतं आणि खुंटी कधी सैल झाली ते पाय ठेवल्यावरच कळतं.

काहीतरी बिनसलं तर

*बसल्यावर जाळी पुढं झुकते.* रिकामी असताना जाळीचं पुढचं टोक किंचित वर हवं. वजन पडलं की ती सपाट होते. बहुतेक स्टँडना त्यासाठी बोल्ट किंवा केबलची वेगवेगळी छिद्रं असतात. झाड ज्या बाजूला कललंय त्या बाजूला स्टँड लावला असेल तर मात्र बोल्ट फिरवून उपयोग नाही, बाजू बदला.

*स्टँड डावी-उजवीकडं डुलतो.* बहुधा खालचा पट्टा बांधलेला नसतो. दोन पट्टे दिलेले असतात आणि दुसरा नेमका घरी राहतो. माझाही राहिलाय. वरचा पट्टा आवळल्यावर जाळी खाली दाबून दात सालीत बसवायचे, मग खालचा पट्टा. हे दाबण्याचं काम जाळीवर नाचून करायचं नाही. लाइफलाइनला जोडलेले असताना, स्टिकवर उभं राहून हातानं करायचं.

*स्टिक फिरते.* पट्टा बुंध्याभोवती तिरका गेलेला असतो. तो आडवा, एका पातळीत हवा. आवळल्यावर स्टिक खाली जोरात ओढून बसवा, मग पुन्हा आवळा. प्रत्येक स्टिकवर पूर्ण वजन टाकून पाहिल्याशिवाय पुढची बांधू नका. हे करताना दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून बुंध्याला वेढा घालून हार्नेसच्या दोन्ही बाजूंना अडकणारा लाइनमनचा पट्टा हवाच. विजेच्या खांबावर चढणारे वापरतात तो प्रकार.

*रॅचेट, म्हणजे पट्टा आवळायची दातेरी कळ, अडकतं.* त्यात खूप पट्टा गुंडाळला गेला. आधी हातानं पट्टा ओढून झोल काढा, मग दोन-तीन वेढे बसतील एवढंच रॅचेट मारा. एकापेक्षा कमी वेढा बसला असेल तर तो सुटू शकतो, तेही नको.

*पहाटे पट्टा सैल लागतो.* नायलॉन भिजला की ताणतो. रात्रभर दव पडलं असेल तर चढण्यापूर्वी खालून एकेक पट्टा पुन्हा आवळत जा. तुटलेल्या पट्ट्याच्या जागी इंदूरच्या सियागंज बाजारातून ताडपत्री आवळायचा पट्टा आणून लावणारेही भेटले. ताडपत्रीचं वजन वेगळं, माणसाचं वेगळं. मूळ पट्टाच मागवा.

*कुरकुर आवाज येतो.* स्टिकच्या पायऱ्यांवर सायकलची जुनी ट्यूब चढवा, बुटांचा आवाज मरतो. ट्यूबचा तुकडा दात आणि साल यांच्या मधे मात्र घालायचा नाही, पकड जाते. सांध्यांना खायचं तेल लावू नका. मी लावलं होतं. अर्ध्या तासात मुंग्यांची रांग लागली आणि त्या रात्री वहीत एकही रोजडा नाही.

थोड्यात

वजनाची मर्यादा स्टँडवर लिहिलेली असते, बऱ्याचदा 300 पौंड, म्हणजे 136 किलो. त्यात तुमच्यासकट कॅमेरा, घोंगडी आणि चहाचा थर्मासही आला.

सामान हातात किंवा गळ्यात घेऊन चढायचं नाही. आधी स्वतः वर, मग दोरीनं पिशवी ओढून घ्यायची. वर ओढेपर्यंत पिशवी आणि ट्रायपॉड जमिनीवर बाजूला ठेवा, तुमच्या पडण्याच्या रेषेत खाली नको.

उंचीची हौस नको. अमेरिकेत पंधरा-वीस फुटांवर बसतात. रोजडे मोजायला मला दहा फूट पुरतात. बिबट्या झाडावर चढतो, त्यामुळं त्याच्या भीतीनं आणखी वर जाण्यात अर्थ नाही.

कुठल्या झाडावर आहात आणि किती वाजता उतरणार, हे घरी सांगून जा. मोबाइल पिशवीत ठेवू नका, हार्नेसमध्ये लटकलेलं असताना हात पोचेल अशा खिशात ठेवा. आभाळ गडगडलं की उतरा.

स्टँड झाडावर किती दिवस ठेवायचा?

एका हंगामापुरताच. झाड वाढतं आणि पट्टा वाढत नाही. तो सालीत रुततो, ताण येतो आणि कुठल्या दिवशी तुटेल ते सांगता येत नाही. मालव्यातलं एप्रिल-मेचं ऊन पट्ट्याचा रंग उडवतं, तंतू फुलवतं, आणि खारी-उंदीर कुरतडतात ते वेगळंच. मी दिवाळीनंतर बांधतो, महिन्यातून एकदा सैल करून पुन्हा आवळतो आणि हरभरा निघाला की सगळं उतरवतो. उतरवताना क्रम उलटा: आधी पिशवी खाली, मग स्टँड दोरीनं खाली, मग वरून खाली एकेक स्टिक, आणि लाइफलाइन सगळ्यांत शेवटी, खाली उभं राहून ओढून काढता येईल अशा फासानं बांधलेली.

फिका पडलेला किंवा कडक झालेला पट्टा कात्रीनं दोन तुकडे करूनच टाका. आमच्याकडं एक टाकलेला पट्टा म्हशीच्या दावणीला गेला आणि पुढच्या दिवाळीला, "भैया, हा तुमचाच ना?" म्हणत स्वच्छ धुऊन माझ्या सामानात परत आला.