क्रिकेट कळतं? मग हायस्कूल बेसबॉलचे अंपायर व्हा

न्यू जर्सीत नव्याने आलेल्या मराठी मंडळींना मी हे आवर्जून सुचवतो. इथे शालेय सामन्यांना अंपायर मिळत नाहीत अशी ओरड दर वसंतात असते, आणि गावातली शाळा, मुलं, पालक यांच्यात मिसळण्याचा याहून सरळ रस्ता मला दिसलेला नाही.

मात्र आधी व्हिसा बघा. अंपायरला सामन्यागणिक मानधन मिळतं, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते काम झालं. एच-१बीवर असाल तर ज्या कंपनीने तुमचा अर्ज केला आहे, तिच्याबाहेर असं काम करता येत नाही. एफ-१वरच्या विद्यार्थ्यांनाही नाही. ‘पैसे न घेता करतो’ म्हणणंही धोक्याचं, कारण एरवी ज्याचे पैसे देतात ते फुकट केलं तरी कामच ठरू शकतं. ग्रीन कार्ड, नागरिकत्व किंवा एच-४सोबत (एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) वर्क परमिट असेल तर खुशाल या. बाकीच्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. तोवर नियम वाचा आणि कुंपणापाशी उभं राहून सामने बघा.

हिवाळ्यातच स्थानिक अंपायर संघटनेचे वर्ग सुरू होतात. नोंदणी, पार्श्वभूमी तपासणी, नियमांची परीक्षा, मग मैदानावरचा सराव असा साधारण क्रम असतो. नियम एनएफएचएस या शालेय खेळांचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे, त्यामुळे टीव्हीवर पाहिलेल्या मेजर लीगवर, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलवर, विसंबू नका. इथे सामना ७ इनिंगचा. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, बाल्क (बेसवर रनर असताना केलेली नियमबाह्य हालचाल) केला की चेंडू त्याच क्षणी डेड. मेजर लीगमध्ये मात्र खेळ पुढे चालू राहू शकतो. कोचशी निम्मे वाद अशाच फरकांवरून होतात, म्हणून हे फरक तोंडपाठ हवेत.

आता क्रिकेटबद्दल. एलबीडब्ल्यू बघून तयार झालेली नजर स्ट्राइक झोनला, म्हणजे बॅटरसमोरच्या प्लेटवरून चेंडू ज्या चौकटीतून गेला तर स्ट्राइक ठरतो तिला, फार उपयोगी पडते. प्लेट १७ इंच रुंद. वरची हद्द बॅटरचे खांदे आणि कंबर यांच्या मधोमध, खालची गुडघ्यांशी. डोकं स्थिर ठेवा, चेंडू कॅचरच्या ग्लोव्हपर्यंत डोळ्यांनी पोचवा आणि मगच निर्णय द्या. घाईने दिलेला निर्णय बरोबर असला तरी कुणाला पटत नाही.

पण काही सवयी मोडाव्याच लागतात. क्रिकेटमध्ये अपील झाल्याशिवाय आपण बाद देत नाही. इथे बहुतेक निर्णय न विचारता द्यायचे. तिथे धाव घेणं फलंदाजाच्या मर्जीवर. इथे मारलेला चेंडू फेअर, म्हणजे मैदानाच्या दोन रेषांच्या आत, गेला की बॅटरला पळावंच लागतं, आणि पहिल्या बेसवर रनर असेल तर त्यालाही जागा सोडावी लागते. चेंडू हातात असलेल्या फील्डरने पुढच्या बेसला नुसता पाय लावला तरी असा नाइलाजाने पळणारा रनर बाद होतो. पण बॅटर पहिल्या बेसवर आधीच बाद झाला, तर पुढच्या रनरची सक्ती संपते आणि मग त्याला टॅगच, म्हणजे चेंडूसह अंगाला स्पर्शच, करावं लागतं. नवीन अंपायर इथेच हमखास गोंधळतो. आणि क्रिकेटसारखं एका जागी उभं राहणं विसरा. हायस्कूलला बहुधा दोनच अंपायर असतात, त्यामुळे प्रत्येक फटक्याबरोबर जागा बदलून कोन साधावा लागतो. पहिल्या बेसवर नजर पायावर ठेवायची आणि चेंडू ग्लोव्हमध्ये पडल्याचा आवाज ऐकायचा. हे जमलं की अटीतटीचे निर्णयही देता येतात.

मास्क, चेस्ट प्रोटेक्टर, शिन गार्ड आणि पोलादी टोकाचे बूट स्वतःचे लागतात. शर्ट-पँट संघटना सांगेल त्याच रंगाची घ्या. जुने सदस्य वापरलेलं सामान देतात, पण मास्क चांगलाच घ्या.

पालक ओरडतात. त्यांना उत्तर देऊ नका. कोचने शांतपणे नियम विचारला तर मात्र थोडक्यात, नीट सांगा. तो त्याचा हक्क आहे. आपल्या उच्चारांची धास्ती वाटत असेल तर हातांच्या खुणा ठसठशीत करा आणि आवाज मोठा ठेवा. मैदानावर बोलायचे शब्द मोजकेच असतात.

सामने वाटणाऱ्या असाइनरला सुरुवातीला फ्रेशमन (पहिल्या वर्षाच्या) आणि जेव्ही (शाळेच्या मुख्य संघाखालच्या दुय्यम) संघांचेच सामने मागा, तेही अनुभवी जोडीदाराबरोबर. ते आठवड्यात दुपारी चारच्या सुमारास असतात, तेव्हा ऑफिसमधून लवकर निघण्याची परवानगी मार्चच्या आधीच घेऊन ठेवा. एप्रिलमध्ये शर्टाखाली गरम कपडे घाला. सामना संपल्यावर गाडीपाशी थांबून जोडीदाराला विचारा, कुठल्या फटक्याला मी चुकीच्या जागी होतो?