नवीन आरोग्य विद्यापीठाचं विधेयक आलं तर ते कसं वाचायचं

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं की मेडिकल चौकातल्या टपरीवर विषय निघतोच, विदर्भाला वेगळं आरोग्य विद्यापीठ पाहिजे, आणि मग कोणीतरी ग्रुपवर "झालं बे मंजूर" टाकून मोकळं होतं. उद्या खरंच असं विधेयक आलं तर ते स्वतः वाचा, वकील लागत नाही.

आधी हातातला कागद कोणता ते ओळखा. घोषणा, मंत्रिमंडळाचा निर्णय, अध्यादेश (अधिवेशन नसताना राज्यपाल काढतात तो तात्पुरता कायदा), विधेयक, अधिनियम (पास झालेला कायदा), हे सगळे वेगवेगळे. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ जून 1998 मध्ये अध्यादेशानंच उभं राहिलं, कायदा मागाहून आला. अध्यादेशाचं असं आहे की अधिवेशन सुरू झाल्यापासून 6 आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो.

विधानमंडळाच्या वेबसाइटवरून विधेयकाची मराठी पीडीएफ घ्या आणि मी तर म्हणतो शेवटाकडून वाचा, काऊन की शेवटी उद्देश व कारणांचं निवेदन असतं आणि त्याच्या आसपासच वित्तीय ज्ञापन, म्हणजे पैसा किती लागणार आणि कुठून येणार. ते गुळमुळीत असलं तर समजून जा.

मग कलम 1. तिथं "राज्य शासन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, नियत करील अशा दिनांकास" असं लिहिलं असेल तर कायदा पास होऊनही लागू व्हायला तारखेची वाट पाहावी लागते.

खरी मेख मात्र कार्यक्षेत्रात आहे. नाशिकच्या विद्यापीठाचं कार्यक्षेत्र अख्खा महाराष्ट्र आहे, म्हणून आपली मेडिकल आणि मेयो ही नागपूरची दोन सरकारी मेडिकल कॉलेजं, डेंटल, नर्सिंग, आयुर्वेद सगळं तिकडेच जोडलेलं, इथं नुसतं विभागीय केंद्र आहे. तर विदर्भातले जिल्हे त्या जुन्या कायद्यातून काढणारं कलम आहे का ते शोधा, आणि सेकंड इयरला असलेल्या पोरांची परीक्षा कोण घेणार, डिग्रीवर नाव कोणाचं येणार, हे संक्रमणकालीन तरतुदींमध्ये सापडतं, बहुतेक लोक तिथंपर्यंत वाचतच नाहीत. मिहानचं एम्स यात ओढू नका, ते केंद्राच्या कायद्यावर चालतं. सीटा वाढतील असंही धरून चालू नका, एमबीबीएसच्या जागांची परवानगी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडून येते, विद्यापीठाच्या कायद्यानं नाही.

काही खटकलं तर दुसऱ्या वाचनाच्या आधी आमदाराला गाठा, कलमावार दुरुस्त्या तेव्हाच येतात. पत्रात कलम क्रमांक लिहा, नुसतं "अन्याय होऊन राहिला" लिहून काही होत नाही. विधेयक संयुक्त समितीकडे, म्हणजे दोन्ही सभागृहांतल्या आमदारांच्या समितीकडे, गेलं तर लोकांकडून सूचना मागवतात का तेही बघत राहा.

पुढं दोन्ही सभागृहं, राज्यपालांची संमती, मग राजपत्र. ई-गॅझेटवर अधिसूचना दिसेपर्यंत परीक्षेचे फॉर्म नाशिकचेच भरा.